एका सेकंदात ५६७ स्फोट

खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या गल्ल्यांत रिक्षा शिरली तरी समोरून येणाऱ्याला दारात सरकून उभं राहावं लागतं. रिक्षाची रुंदी साधारण १.३ मीटर. फेरारी ३६० मोडेनाची रुंदी १,९२२ मिलीमीटर, म्हणजे दोन मीटरला जेमतेम आठ सेंटिमीटर कमी. उंची मात्र १,२१४ मिलीमीटर, सात वर्षांच्या पोराएवढी. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखालून ही गाडी वाकून निघून जाईल, पण पहिल्याच वळणावर अडकेल. तरी तिच्याविषयीचं बोलणं दांड्यातून सुरू करायला कारण आहे. या कोळीवाड्याला लागूनच कार्टर रोड सुरू होतो, आणि तो धरून दक्षिणेला गेलं की लागतं वांद्रे पश्चिम. भारतातली सगळ्यात गाजलेली ३६० मोडेना याच वांद्र्यात राहणाऱ्या माणसाची होती. सचिन तेंडुलकरची.

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावं कसोटी शतक ठोकलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. फियाट कंपनीच्या जाहिरातींचा तो चेहरा होता. फियाटने त्याला भेट म्हणून ही लाल गाडी दिली आणि सिल्व्हरस्टोनला किल्ली हातात ठेवली ती मायकेल शूमाकरने. तिथपर्यंत सगळं छान. पुढच्या वर्षी गाडीचं आयात शुल्क सरकारने माफ केलं आणि देशभर गदारोळ उठला. रक्कम होती सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. त्या काळी मारुती ८०० दोन लाखांच्या घरात मिळायची, म्हणजे नुसत्या करात पन्नासहून अधिक मारुत्या आल्या असत्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर ते पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने गाडी सुरतच्या एका उद्योजकाला विकली. २०१२ साली राजेश मापुसकरांचा ‘फेरारी की सवारी’ आला, त्याची सगळी गोष्टच सचिनच्या फेरारीभोवती फिरते. एवढं होऊनही मराठी माणसाला या गाडीचा एकच आकडा पाठ आहे, तो म्हणजे १ कोटी १३ लाख. मला तो तिच्या सगळ्या आकड्यांतला सर्वात किरकोळ वाटतो.

फियाटचा आणि फेरारीचा संबंध काय, असं कुणी विचारील. फियाटने १९६९ साली फेरारीत निम्मा वाटा घेतला होता आणि एन्झो फेरारी वारल्यावर, १९८८ मध्ये, तो ९० टक्क्यांवर नेला. त्यामुळे इटलीतल्या मारानेल्लोचा कारखाना आणि आपला कुर्ल्याचा कारखाना हे लांबचे का होईना, नातेवाईक. कुर्ल्यात प्रीमियर कंपनी फियाटच्या परवान्यावर ११०० डिलाइट बनवायची. तिचंच नाव १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झालं, आणि खार स्टेशनाबाहेर काळ्या-पिवळ्या रंगात तीच उभी असायची. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. मोडेनाचं ३,५८६ सीसीचं, ताकद ४००. लिटरमागे हिशेब केला तर पद्मिनी सदतीसच्या आसपास, मोडेना ११२ च्या आसपास. म्हणजे इंजिन तिप्पट मोठं आहे म्हणून ताकद दसपट झाली, असं नाही. त्याच मापाच्या सिलिंडरमधून तिप्पट काम काढून घेतलंय, तेही टर्बोशिवाय. हे कसं जमवलं, ते बघताना मात्र डोकं गरगरतं.

उत्तर एका ओळीचं आहे: इंजिन जोरात फिरवायचं. पद्मिनीला पाच हजार फेऱ्यांवर दम लागायचा. मच्छीमार बोटीचं डिझेल इंजिन दिवसभर दीड-दोन हजारांवर धडधडत राहतं. मोडेना आपली पूर्ण ताकद देते ती मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर. सेकंदाला जवळजवळ १४२ फेऱ्या झाल्या. आठ सिलिंडर, आणि प्रत्येकात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला ५६७ स्फोट. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घ्यायला आणि दोन धूर बाहेर टाकायला. असे एकूण ४० व्हॉल्व्ह, आणि ते मिनिटाला १ लाख ७० हजार वेळा उघडतात आणि तितक्याच वेळा बंद होतात. एकानेही उशीर करून चालत नाही, कारण मागून पिस्टन येतच असतो.

ज्याला ही गाडी दिली त्याच्या धंद्यातलं माप घेऊ. ताशी १५० किलोमीटरने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत पोचायला सुमारे ०.४५ सेकंद घेतो. तेवढ्यात सचिनने लांबी हेरायची, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. त्याच ०.४५ सेकंदात मोडेनाचं इंजिन ६४ फेऱ्या मारतं आणि २५५ स्फोट उरकतं.

आता एकच पिस्टन घेऊ. तो ७९ मिलीमीटर वर जातो आणि ७९ मिलीमीटर खाली येतो. अंतर हाताच्या मुठीएवढं. पण ८,५०० फेऱ्यांवर तो सेकंदाला २८३ वेळा एका टोकाला थांबून उलटा फिरतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. आणि सरासरी म्हटल्यावर मधे तो याहून कितीतरी जोरात पळतो, हे आलंच. शून्यापासून त्या वेगाला जायचं, परत शून्यावर यायचं, पुन्हा उलट दिशेने निघायचं, हे सगळं मुठीएवढ्या अंतरात. गणित मांडलं तर टोकाला त्याच्यावरचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पटींहून जास्त निघतो. अवकाशात जाणाऱ्या माणसाला उड्डाणाच्या वेळी तीन-चार पट सोसावं लागतं. पिस्टन आणि त्याच्याबरोबर वर-खाली होणारे भाग मिळून ४०० ग्रॅम धरले, तर त्या क्षणी ते सव्वा टनाहून जड होतात. मोडेनाचं पाणी-तेलाशिवायचं कोरडं वजन १,२९० किलो. म्हणजे एका पिस्टनला एक अख्खी मोडेना टांगल्यासारखं झालं, तेही सेकंदाला शेकडो वेळा आणि अशा आठ ठिकाणी. पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणारे कनेक्टिंग रॉड फेरारीने टायटॅनियमचे का केले, हे इथे कळतं. लोखंडाचा जास्तीचा एकेक ग्रॅम तिथे तीन-तीन किलोंचा होऊन बसला असता.

इंजिनाला हवा लागते ती वेगळीच. दर दोन फेऱ्यांत ते साडेतीन लिटरहून थोडी जास्त हवा ओढतं. पूर्ण जोरात असताना हे मिनिटाला १५ हजार लिटरांवर जातं. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास हे एकटं इंजिन घेतं. गर्दीच्या वेळच्या बारा डब्यांच्या लोकलमधले जवळजवळ निम्मे प्रवासी. या हवेत पेट्रोल मिसळायचं ते ठरलेल्या प्रमाणात, त्यामुळे पेट्रोलही मिनिटाला दोनेक लिटर जातं. टाकी ९५ लिटरची. प्रत्यक्षात असं कुठे कुणी चालवत नाही, पण पूर्ण जोर सतत लावला तर ती पाऊण तासाच्या थोड्या पुढेमागे रिकामी होईल. लिटरला १०३ रुपये धरले तर एकदा टाकी भरायला ९,७८५ रुपये.

या स्फोटांचा आवाज हा तिचा खरा दागिना, आणि त्यातही आकडाच आहे. सेकंदाला ५६७ स्फोट म्हणजे ५६७ कंपनं, आणि कंपनं म्हणजे स्वर. घरातली पेटी उघडा आणि तार सप्तकातली काळी एक दाबा. तो स्वर ५५४ कंपनांचा आहे. मोडेना पूर्ण तापलेली असताना त्याच्या किंचित वर ओरडते. हजार फेऱ्यांवर उभी असताना तिचा स्वर ६७ कंपनांचा असतो, अतिमंद्र सप्तकातल्या पांढरी एकच्या अगदी शेजारचा. पाय दाबत गेलं की ती तिथून निघून तीन सप्तकं ओलांडते, मधे कुठेही सूर न तोडता. इतका लांब पल्ला कसलेल्या गवयालाही अवघड जातो. तिच्या क्रँकशाफ्टची घडण अशी आहे की डाव्या-उजव्या बाजूचे स्फोट समान अंतराने, आलटून पालटून होतात. अमेरिकन व्ही-८ गाडीची घरघर म्हणून हिच्यात नाही. ती किंचाळते. हल्लीच्या टर्बो इंजिनांच्या वाटेत टर्बोची चाकं बसलेली असतात, ती आवाज गिळतात. म्हणून नवीन गाड्या हिच्याहून ताकदवान असूनही कानाला मुक्या वाटतात.

आता वेग. कंपनीचा दावा ताशी २९५ किलोमीटर. सेकंदाला ८२ मीटर. वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटरचा आहे. ८० ची मर्यादा पाळून तो पार करायला ४ मिनिटं १२ सेकंद लागतात, या वेगाने ६८ सेकंद लागतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे साडे-चौऱ्याण्णव किलोमीटर वीस मिनिटांच्या आत. (कृपया कुणी करून बघू नये, कॅमेरे आहेत आणि ट्रकही आहेत.) चालकासकट दीड टन धरलेली ही गाडी २९५ वर असताना तिच्यात जी ऊर्जा साठलेली असते, ती तिला सरळ वर फेकायला वापरली तर ती ३४० मीटर उंच जाईल, आयफेल टॉवरच्या टोकाच्याही वर. आणि ही सगळी ऊर्जा विजेच्या मीटरवर मोजली तर किती भरते? १.४ युनिट. महिन्याच्या बिलात जी कुणाच्या नजरेला पडणार नाही. गाड्यांच्या कौतुकात हा आकडा कुणी सांगत नाही, मला मात्र तो फार आवडतो. ऊर्जा जास्त नाहीच. ती किती थोड्या वेळात आणि किती थोड्या जागेत वापरली जाते, सगळी मौज त्यात आहे.

मग प्रश्न येतो की ज्या शहरात रस्त्यावर खड्डा, त्यापुढे गतिरोधक आणि त्यापुढे सिग्नल, तिथे २९५ चं करायचं काय? काहीच नाही. शंभरी गाठायला ती ४.५ सेकंद घेते, आणि आज पुष्कळ विजेवरच्या मोटारी, दिसायला साध्या असल्या तरी, तेवढ्या वेळात शंभरी गाठतात. फक्त आकड्यांची शर्यत लावली तर २७ वर्षांपूर्वीच्या या गाडीने हरायचंच आहे. तिचं सुख वेगळ्या ठिकाणी आहे. इंजिन चालकाच्या पाठीमागे, काचेच्या झाकणाखाली. त्यामुळे सगळं वजन गाडीच्या मधोमध, आणि स्टिअरिंग बोटभर फिरवलं की नाक लगेच वळतं. टर्बो नसल्याने पाय आणि आवाज यांत वाट बघणं नाही. हाताने गिअर टाकायची मोडेना असेल तर दांड्याखाली चकाकत्या धातूची खाचांची पट्टी असते आणि प्रत्येक गिअरला खट्ट असा आवाज होतो. तो ऐकण्यासाठी माणसं गरज नसताना गिअर बदलतात. सागरी सेतूवर ८० च्या मर्यादेतही तिला दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवलं, तर इंजिन सहा हजार फेऱ्यांच्या आसपास गात असतं. कायदा मोडला नाही, आणि संगीतही ऐकलं. माझ्या मते तिच्या मोठेपणाचा हाच पुरावा आहे.

बाकी कारागिरी थोडक्यात. १९९९ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ही आली तेव्हा सांगाडा आणि कवच दोन्ही ॲल्युमिनियमचं असलेली ती कारखान्यातून नियमित निघणारी पहिली फेरारी होती. आल्कोआ या अमेरिकी कंपनीच्या मदतीने बनवलेला तिचा सांगाडा आधीच्या एफ३५५ पेक्षा २८ टक्के हलका होता आणि ४० टक्के ताठ, गाडी आकाराने दहाएक टक्के मोठी असूनही. मागे पंख नाही, तरी पोटाखालून जाणाऱ्या हवेमुळे सर्वोच्च वेगाजवळ गाडी सुमारे १८० किलोंनी रस्त्याला जास्त दाबली जाते, असं फेरारी सांगते. पिनिनफारिनाने काढलेल्या त्या गोलसर आकाराला तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती.

पण ती मागे पडली ती तिच्या संख्येमुळे. २००५ पर्यंत बंद छताच्या मोडेना, उघड्या छताच्या स्पायडर आणि हलक्या चॅलेंज स्ट्राडाले मिळून १७ हजार ६०० च्या वर ३६० निघाल्या. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग ७९ किलोमीटरची होईल. एक टोक खारदांड्यात ठेवलं तर दुसरं लोणावळ्याच्या आसपास. फेरारी २५० जीटीओ निघाल्या ३६. त्यांची रांग १५६ मीटरची, दांड्यातल्याच एखाद्या रस्त्यावर मावेल. अशी एक जीटीओ नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. मोडेनाला लाखभर डॉलर धरले तर त्या पैशांत पाचशेवर मोडेना येतात. दुर्मिळता म्हणजेच मोल, असं मानणाऱ्या बाजारात १७ हजार हा आकडा शापच ठरतो. शिवाय आधीची एफ३५५ दिसायला जास्त देखणी, नंतरची एफ४३० ४९० अश्वशक्तीची. मधली मुलगी म्हणून हिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही.

पण आत डोकावलं तर १७ हजार हा आकडा फसवा आहे. बहुतेकांनी तेव्हा नवलाईच्या, स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांवर चालणाऱ्या ‘एफ१’ गिअरबॉक्सची गाडी घेतली. हाताच्या गिअरच्या त्या मानाने थोड्या. आज सगळ्या जगाला हाताचाच गिअर हवा आहे, कारण फेरारीने पुढे तो बनवणंच थांबवलं. त्यामुळे त्याच गाडीला केवळ एका दांड्यामुळे बराच जास्त भाव मिळतो. ‘एफ१’ गिअरबॉक्स मुंबईच्या रहदारीला तर बिलकुल मानवणारा नाही. आत साधा क्लचच आहे, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. आणि सिग्नलवर इंच-इंच सरकताना यंत्राला हात आखडता घेणं कळत नाही, क्लच झिजतो.

दांड्याच्या बाजूला राहणाऱ्याला आणखी एक काळजी. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण जिथे ते स्टीलच्या बोल्टला टेकतं तिथे खारी हवा आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम पांढरं होऊन खायला लागतं. समुद्रालगत ठेवलेल्या गाडीचं पोट वर उचलून बघितल्याशिवाय सौदा करू नये. आणि बघायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट. ते ४० व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात ते रबरी पट्ट्यांच्या जोरावर. फेरारीने तो दर तीन वर्षांनी बदलायला सांगितलाय, गाडी चालली असो वा नसो. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि पुढचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. एफ३५५ मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. मोडेनात सीटच्या मागचं झाकण काढून तो बदलता येतो. कागदावर क्षुल्लक वाटणाऱ्या या एका सोयीमुळे मोडेना पोसण्याचा खर्च बराच उतरला, आणि संग्राहकांनी तिच्याकडे वळण्याचं तेही एक कारण आहे.

आपल्याकडचा कायदा मात्र तिला अजून जुनी मानायला तयार नाही. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. दुसरं दार फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी स्वतःसाठी आणता येते. म्हणजे १९९९ ची मोडेना आणायला २०४९ उजाडावं लागेल. ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटीही ५० वर्षांनंतरच. तिची नोंदणी २० हजार रुपयांची, आणि रोजच्या वापराला ती गाडी काढायची नाही ही अट. सचिनच्या गाडीला ती पाटी हवी असेल तर निदान २०५२ पर्यंत थांबावं लागेल. तोवर ती नुसतीच जुनी गाडी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या आयात मोटारीची नोंदणी पुन्हा करायला ८० हजार रुपये पडतात.

तेव्हा भारतात राहून मोडेना घ्यायची असेल, तर त्या काळी इथे आलेल्या मोजक्या गाड्यांतूनच घ्यावी लागेल. मालकाचं नाव किती मोठं, यावर पैसे उधळू नका. हाताचा गिअर असेल तर दोन पैसे जास्त द्या, आणि गाडीचं झाकण उघडण्याआधी शेवटच्या टायमिंग बेल्टचं बिल मागा. बिल नसेल, तर तिथून उठा.